इथं मेन कोन?

असले किस्से कुणी ठरवून जमवत नाही. ऑफिसात राग गिळून बसलं की ते आपोआप साचतात. माझ्याकडं लई साचलेत, आज ओततेच.

अंबाजोगाईत खताच्या दुकानावर आमचं ऑफिस. आम्ही तिघं: मालक रावसाहेब बप्पा, प्रोग्राम लिहिणारा घाटनांदूरचा इरफान आणि मी. काम आलं होतं हंगामी वसतिगृहाचं. ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरं गावातच राहून शिकावीत म्हणून शाळांनी भरलेले फॉर्म स्कॅन होऊन आले होते. प्रोग्रामनं ते वाचायचे आणि नावांची यादी काढायची. यादीत नाव आलं तर पोरगं शाळेत, नाही आलं तर आईबापासोबत ट्रकमध्ये. ट्रक निघायला तीन दिवस उरले होते.

*

इरफाननं एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यानं लिहून ठेवलेला तयार प्रोग्राम, आणली. ती एकाचं काम आठ जणांत वाटते म्हणे. आमच्या मशीनवर ती इम्पोर्ट केली, म्हणजे आमच्या प्रोग्रामात ओढून घेतली, की पंखा भणभणायचा, स्क्रीन लाल एररनं भरायची आणि मशीन गप्प.

बप्पा चिडले. "इम्पोर्ट कावून करतो बे? लातुरात न्हाई का भेटत?"

*

मशीन ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्या हेल्पलाइनला मी फोन लावला.

"मॅडम, लायब्ररी काढून परत टाका."

टाकली. परत काढा म्हणाले. परत टाकली. असं पाच वेळा! सहाव्यांदा विचारतात, "तुमच्याकडं लाईट असते का रेग्युलर?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "लाईट नसती तर एरर काय चिमणीच्या उजेडात वाचली असती का?" फोन कट.

*

शेवटी इरफानलाच सापडलं. त्या आठांतला प्रत्येक जण उठायचा, आमच्या प्रोग्रामची फाइल पहिल्या ओळीपासून वाचायचा आणि कामाला लागायचं सोडून आणखी आठ जणांना हाक मारायचा.

बप्पांना हे झटक्यात समजलं. "म्हंजे समदेच मुकादम. कोयता कुणाच्याच हातात न्हाई."

इलाज एका ओळीचा होता. 'माझं नाव मेन असेल तरच मी माणसं बोलावीन,' एवढीच अट; जो सगळ्यात आधी सुरू होतो त्यालाच मशीन मेन म्हणतं. इरफाननं ती टाकली, दहा फॉर्म लावून बघितले. धडाधड वाचले.

"ताई, जमलं. नमाज पढून येतो, मग समदे लावू." शुक्रवार होता. मी चहाला खाली गेले, ही माझी चूक.

*

वर आले तर बप्पा खुर्चीत खुशीत.

"पाठवली यादी तालुक्याला. एक बी एरर न्हाई."

"एवढ्यात?"

"फाइलीत लिवलं व्हतं, नाव मेन असंल तरच काम. आता या ऑफिसात मेन कोन हाय? मीच की. मेन खोडलं, रावसाहेब लिवलं."

रावसाहेब नावाचं मशीनमध्ये कुणीच नव्हतं, म्हणून कामाला कुणी उठलंच नाही. एरर येणार कुठून? यादीत वर हेडिंग आणि खाली कोरा कागद. त्या दिवशी मी मालकावर पहिल्यांदा ओरडले.

*

इरफाननं मेन परत लिहिलं. चारपर्यंत सगळी नावं निघाली आणि ती पानं घेऊन मी तालुक्याच्या ऑफिसात पळाले. साहेबांच्या टेबलावर आमची कोरी यादी होती, शिक्का मारलेली.

"मॅडम, यादी कोरी, म्हणजे तुमच्या गावांत स्थलांतर शून्य, असं वर कळवलं. वरून शाबासकी बी आली."

मी पानं टेबलावर आपटली. "साहेब, ती यादी चुकून गेली. ही बघा नावं, ही गावं. परवा ही पोरं ट्रकात चढतील."

साहेबांनी पानं एका बोटानं माझ्याकडं सरकवली.

"शून्य मंजूर झालंय मॅडम. आता ही पोरं तुमी कुठून आणली?"