वडगावातली तिसरी डिस्क

वडगावात साड्यांचे माग असलेल्या एका घरातला सर्व्हर मी सहा वर्षं सांभाळतो आहे. त्या घरच्या आप्पांनी आयुष्यभर काढलेली काठ-पदरांची नक्षी त्यावर आहे. ती ज्यांवर काढली होती ते मूळ आलेखाचे कागद मीच रद्दीत घालायला लावले. "चार डिस्क आहेत, आप्पा. एक मेली तरी उरलेल्या तिघी तिचं काम ओढतात," असं सांगितलं. ते खरं आहे. दोन मेल्या तर सगळंच जातं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

दर महिन्याला तपासणी करायची असं ठरलं होतं. तपासणी म्हणजे एक कमांड टाइप करायची. सर्व्हरची पेटी न उघडता चारही डिस्क आपापल्या स्थितीसह पडद्यावर ओळीनं दिसतात. अर्ध्या मिनिटाचं काम. मी मात्र साड्यांच्या खोक्यांमागं पंखा घरघरताना ऐकायचो, "उत्तम चाललंय" म्हणायचो आणि चहाला बसायचो. चहाला अर्धा तास लागायचा.

गेल्या गणपतीत मी जांबोटीला सासुरवाडीत होतो. आप्पांच्या पत्नीचा, आक्कांचा, फोन आला.

"अवो, तुमची पेटी सकाळपासनं वरडायलीय. आरतीला माणसं आल्यात. गप करा की तिला!"

बांधावर चढून रेंज धरली, मोबाइलवरून सर्व्हरवर गेलो आणि भोंगा बंद करायची कमांड दिली. तो का वाजतोय हे कळायला आणखी एकच ओळ टाइप करायची होती. पण एसटी येताना दिसली आणि पुढची थेट संध्याकाळी होती.

"लई गुणाचं हायसा बघा," आक्का म्हणाल्या. ते मी ठेवून घेतलं. भोंग्याचं नंतर विसरलो, असं लिहिलं असतं. पण विसरलो नव्हतो. फक्त आठवून बघत नव्हतो.

फेब्रुवारीत आप्पांनी बोलावलं. शहापुरातल्या पाहुण्यांचा कम्प्युटर बसला होता आणि त्यांची सगळी नक्षी गेली होती. "आपलं जरा बघा," ते म्हणाले आणि खुर्चीमागं उभे राहिले. आता कमांड देण्यावाचून सुटका नव्हती.

चार ओळी आल्या. पहिली चांगली. दुसरी चांगली. तिसरीपुढं 'फेल्ड'. चौथी चालू होती, पण तिच्यापुढं चुकांचा आकडा फुगलेला. ती आज जाईल की वर्षानं, सांगता येत नव्हतं.

आप्पांना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून ओळी मोजल्या.

"चारी हायत की! झ्याक."

मी मान हलवली. "एक कॉपी काढून ठेवतो," म्हणालो, जणू नेहमीचंच काम. बाहेरची डिस्क जोडली आणि दोन तास पडद्यावरचे टक्के मोजत बसलो. माझा प्रामाणिकपणा नव्वद टक्के कॉपी झाल्यावर जागा झाला. शंभर झाल्यावर मी तोंड उघडलं.

"आप्पा, तिसरी मेलीय. गणपतीपासून."

आक्का दारातून पुढं आल्या.

"म्हंजी ती वरडत हुती ते खरंच वरडत हुती?"

"व्हय."

"आमचा धागा तुटला की माग आपणहून थांबतोय. तुमची पेटी बिचारी न थांबता सांगत हुती, आणि तुम्ही तिचं तोंड दाबलासा?"

मला बरं वाटलं. इतक्या महिन्यांनी कुणीतरी नेमकं बोललं होतं. आणखी चार शब्द ऐकायची माझी तयारी होती. आप्पा मात्र म्हणाले, "नक्षी हाय न्हवं? मग जाऊ दे. नवी डिस्क मागवा." सोमवारी ती आली, तिसरीच्या जागी बसली, चौथीही बदलून टाकली. नक्षीतला एक ठिपकासुद्धा गेला नाही.

पण तिसरी मेल्याचं सांगितलं त्याच दुपारी मी चपला घालत असताना आक्का मागोमाग बाहेर आल्या. राग उतरला होता, डोळे भरले होते.

"मीच सांगितलं न्हवं गप करा म्हणून? आरतीच्या नादात ह्यांचा जल्माचा धंदा घालवत हुतो मी. ह्यांना सांगू नका, पण चूक माझीच."

त्यांनी गप करायला सांगितलं होतं. न बघता गप मी केलं होतं. एवढं एक वाक्य बोलायचं होतं.

"असू द्या, आक्का," मी म्हणालो. "होतं असं कधीकधी."

मी त्यांना माफ केलं. त्यांनी माझे आभार मानले.