मंदाकिनीबाईंची ढोलकी

स्वेच्छानिवृत्ती घेऊन पंधरा दिवस झाले, तरी मंदाकिनीबाई आगाशे यांची बोटं काही निवृत्त व्हायला तयार नव्हती. जेवणाच्या टेबलावर, मांडीवर, भाजी चिरताना पाटाच्या कडेवर ती आपली चालूच. सत्तावीस वर्षं एका कारखान्याच्या ऑफिसात त्यांनी टायपिंग केलं होतं. मिनिटाला सदुसष्ट शब्द, तेही खाडाखोड न करता.

"कोणाला पत्र चाललंय?" गोपाळकृष्णपंत पेपरातून मान वर न करता विचारत. ते शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, आणि निवृत्ती त्यांना उत्तम मानवली होती.

"कोणाला नाही."

"मग टेबल पुढे-मागे सरकवू नकोस. पोचायचं नाही ते."

सन दोन हजार एक. ऑफिसात कॉम्प्युटर येऊन तीन वर्षं झाली होती. आधी साहेबांनी बाईंना सांगितलं, तुमचे पत्रांचे सगळे नमुने या फ्लॉप्यांवर उतरवून द्या. बाईंनी महिनाभर बसून निविदा, खुलासे, कानउघाडणीच्या नोटिसा असे तीनशे नमुने नीट क्रमवार लावून दिले. पुढच्याच महिन्यात त्यांच्यापुढे निवृत्तीचा फॉर्म आला. साहेब चांगला माणूस. फॉर्म देताना त्याने चहासुद्धा मागवला होता.

सदाशिव पेठेतल्या घरात बसवेना म्हणून बाई उगाचच बाहेर पडायच्या. टिळक रोडने स्वारगेटपर्यंत जायच्या, तिथे गाड्यांचा गोंधळ बघायच्या आणि परत यायच्या. कुठे जायचं होतं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

अशाच एका दुपारी त्यांचा भाचा आमोद याचा फोन आला. सदाशिव पेठेतच एका इमारतीच्या मागच्या खोलीत त्याने स्टुडिओ थाटला होता. भिंतींना फोम, दाराला जाड रजई, एक कॉम्प्युटर आणि एक माईक. जाहिरातींची गाणी आणि भक्तिगीतांच्या कॅसेटी तो करायचा. "मावशी, आठ गाण्यांचे शब्द टाईप करून हवेत. गायिका उद्या येतेय."

बाई चप्पल अडकवून निघाल्यासुद्धा.

गेल्या तेव्हा आमोद वैतागून माऊस आपटत होता. पडद्यावर चौकटीच चौकटी होत्या. एकेका चौकटीवर टिचकी मारली की तिथे ढोलकीचा एक ठोका बसे. सोळा चौकटी भरायला त्याला पाच मिनिटं लागली आणि वाजवून पाहिलं, तर पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरावा तसं काहीतरी ऐकू आलं.

तो चहा सांगायला बाहेर गेला. बाई कळफलकापुढे बसल्या आणि सवयीने बोटं ठेवली, तर पडद्यावर अक्षर उमटण्याऐवजी ढोलकी वाजली! बाई दचकल्या. पुन्हा दाबलं. ए ला घुमारा, एस ला चाट, डी ला थाप, एल ला झांज. समोरच्या पाकिटावर त्यांनी कोणतं अक्षर कोणता आवाज हे लिहून घेतलं. मग पाठ ताठ केली, मनगटं उचलली आणि टाईप करायला घेतलं.

आमोद चहाचे दोन पेले हातात घेऊन दारातच उभा राहिला.

"मावशी, हे कोण वाजवतंय?"

"मीच. थांब, चुकलं. परत घेते."

त्यानंतर बाई रोज जाऊ लागल्या. लहानपणी त्या कीर्तनात टाळ धरायला बसायच्या, तेवढंच त्यांचं संगीत. पण कान चांगला होता आणि आठ बोटं आठ दिशांना पळवायची सवय जुनी होती. गणपतीच्या कॅसेटींचा हंगाम आला. आमोदने एरवी महिन्यात केली असती एवढी गाणी दहा दिवसांत झाली. बाई घरी येऊन कुकर लावायच्या, तर शिट्ट्यांचाही ताल मोजायच्या. मन मात्र थाऱ्यावर नव्हतं. काम सुरू असलं की वाटे आणखी हवं. संपलं की वाटे काहीतरी निसटलं.

ऑगस्टमधल्या एका दुपारी दारावरची रजई बाजूला सारून एक माणूस आत आला. पन्नाशीचा, पांढरा सदरा, काखेत खोळ घातलेली ढोलकी.

"आमोदभाऊ हायत का? मी रामदास. खडकीहून आलोय. यंदा गणपतीच्या गाण्यांना बोलावणं नाही आलं, म्हटलं आपणच बघून यावं."

आमोद दुसऱ्या खोलीत फोनवर होता. बाईंनी रामदासला बसायला सांगितलं आणि चालू असलेला तुकडा पुरा करावा म्हणून पुन्हा वाजवला. माणूस बसला नाही. पडद्याकडे नाही, स्पीकरकडे बघत राहिला.

"ही थाप माझी हाय," तो म्हणाला.

बाईंचा हात थांबला. "म्हणजे?"

"चैत्रात भाऊंनी बोलावलं होतं. म्हणाले, ताल नको, एकेक ठोका द्या सुटा सुटा. मला वाटलं माईक तपासतायत. दुपारभर दिले." त्याने काखेतल्या ढोलकीवर बोट ठेवलं. "ह्या पुडीच्या कातड्याला बारीक चीर होती तेव्हा. ऐका, मागे किणकिण येती."

बाईंनी पुन्हा वाजवून ऐकलं. खरंच येत होती. चार महिने ती किणकिण त्या वाजवत होत्या.

"तुम्ही कुणाकडं शिकला?" रामदासने विचारलं.

"टायपिंगच्या क्लासमध्ये," बाई म्हणाल्या, आणि बोलल्यावर त्यांनाच कसंतरी झालं.

तो हसला नाही. "हात साफ हाय तुमचा. पण पाचवा ठोका मी असा टाकत नाही."

आमोद आला, त्याला पाहून गोंधळला, "अरे रामदास, सांगणारच होतो, बजेट कमी आहे, पुढच्या वेळी नक्की" असं बरंच बोलला. रामदासने सगळं ऐकून घेतलं, खोळीची गाठ घट्ट केली आणि तो गेला.

त्या दिवशी बाई घरी आल्या आणि आल्या पावली परत बाहेर पडल्या. पेठेतल्या गल्ल्या दोनदा पालथ्या घातल्या. तीनशे नमुने आठवत होते. साहेबांनी मागवलेला चहा आठवत होता. आपली खुर्ची ज्याने काढून घेतली, त्याच यंत्रापुढे बसून आपण दुसऱ्याची काढली. आणि वर आनंदाने, कुकरच्या शिट्ट्या मोजत!

दुसऱ्या दिवशी आमोदकडून पत्ता घेऊन त्यांनी खडकी गाठली. रामदासचा भाऊ दारूगोळा कारखान्यात होता. त्याच्या क्वार्टरमध्ये रामदास आणि त्याची बायको मथुराबाई राहत. मथुराबाईंनी पाणी दिलं, पण बसा म्हणाल्या नाहीत. बाई उभ्यानेच म्हणाल्या, "मी ते काम सोडते."

"सोडून काय होणार?" रामदास म्हणाला. "तुमच्या जागी दुसरं कोणी बसल. त्याचा हात तुमच्याइतका बरा असल का, ते बी सांगता येत नाही."

 बाईंनी विचारलं, "पाचवा ठोका कसा टाकता?"

रामदासने ढोलकी मांडीखाली घेतली. चार ठोके सरळ आले. पाचवा येता येता किंचित मागे रेंगाळला, उंबऱ्यात अडखळल्यासारखा, आणि सहाव्याने त्याला हात देऊन आत घेतलं. बाई आपसूक खाली बसल्या. मथुराबाईंनी आत जाऊन चहा टाकला.

बाईंनी आमोदला स्पष्ट सांगितलं, "मुख्य ढोलकी रामदास स्वतः वाजवतील. बाकीचं मी टाईप करीन. त्यांचे सुटे ठोके वापरायचे, तर दर गाण्याला त्यांना विचारायचं, आणि कॅसेटवर नाव त्यांचं आधी."

"मावशी, हा धंदा आहे."

"असू दे की. मी कुठे देऊळ म्हणाले?"

आमोद चिडला. बाईंनी जाणं बंद केलं. त्याने तीन रात्री स्वतः चौकटी भरल्या. कॅसेट कंपनीने गाणी परत पाठवली. आठव्या दिवशी तो घरी आला. दार गोपाळकृष्णपंतांनी उघडलं. "ये. तुझी मावशी संपावर आहे. मागण्या मान्य असतील तर चहा मिळेल."

मागण्या मान्य झाल्या. त्या वर्षीच्या शेवटच्या कॅसेटवर बारीक अक्षरांत छापलं होतं : ढोलकी – रामदास, तालरचना – मंदाकिनी आगाशे. मथुराबाईंनी त्याची एक प्रत ट्रंकेत ठेवली.

हे असं दोन हंगाम चाललं. मग कॅसेटी खपेनाशा झाल्या. आमोदला कुणीतरी मुंबईहून हजार ठोक्यांची सीडी आणून दिली आणि तो मोबाइलच्या रिंगटोन करायला बाणेरला गेला. मावशीला बोलवत होता, बाई गेल्या नाहीत. रामदासने हिंजवडीत एका आयटी कंपनीच्या गेटवर वॉचमनची नोकरी धरली. रात्रपाळी असली की दिवसा तो पेठेत यायचा. बाईंनी फंडाच्या पैशातून कॉम्प्युटर आणि माईक घेतला होता, गाद्या उभ्या करून बेडरूमचा स्टुडिओ केला होता. गोपाळकृष्णपंत हॉलमध्ये झोपायला गेले, म्हणाले, "घोरण्याचा ठोका हवा असला तर सांगा."

कल्पना रामदासचीच. "नाहीतरी लोक कुणाचेतरी ठोके वापरणारच. मग माझे नीट तरी घ्या. चिरलेल्या पुडीचे नकोत." एकेक ठोका हलका, भारी, रेंगाळलेला, घाईचा असा बारा-बारा प्रकारांनी घेतला. प्रत्येक फाइलच्या नावात बाईंनी 'रामदास' टाईप केलं, म्हणजे कुणी कुठेही उघडली तरी नाव दिसेल. आपण हे बरं करतोय की त्या माणसाचं उरलंसुरलंही भरून ठेवतोय, हा प्रश्न बाईंना दर वेळी पडे. एकदा त्यांनी तो विचारलाही. रामदास म्हणाला, "मला बी पडतो. चला, पुढचा घ्या."

दोनशे चार ठोके झाले. यादीत एकच राहिला होता, तो पाचवा. बाईंनी माईक सुरू केला. रामदासने हात उचलला आणि तसाच ठेवला.

"हा नको."

"बरं," बाई म्हणाल्या आणि माईक बंद केला. यादीतली ती ओळ त्यांनी खोडून टाकली.

मग त्याने तो वाजवला, मागच्या-पुढच्या ठोक्यांसकट, तीनदा. खोळ बांधली, आणि हिंजवडीची पाळी गाठायची म्हणून घाईघाईने जिना उतरला.