मोघ्यांची चाळीस ओळींची फाइल

उदय मोघे गेले त्याला आता सहा वर्षं झाली. त्यांच्याबद्दल कुणी काही लिहिणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून मीच बसलेय. माझं नाव सुहासिनी. भोपाळमध्ये पंपांचे भाग बनवणाऱ्या एका छोट्या सरकारी केंद्रात मी आणि मोघे सव्वीस वर्षं एकाच खोलीत बसून प्रोग्रॅम लिहीत होतो. ते केंद्र आता बंद झालंय, नाव सांगून उपयोग नाही. राहायला आम्ही दोघंही पिपलानीच्या सरकारी वसाहतीत, मध्ये तीन क्वार्टर. आणि आधीच सांगून टाकते, या हकिकतीत मी काही चांगली वागलेली नाही. माझ्याबद्दल चांगलं ऐकायचं असेल तर माझ्या भावाला विचारा. तोही सांगणार नाही म्हणा.

मोघे मूळचे मिरजेचे. किडकिडीत, कमी बोलणारे, स्कूटर इतकी हळू चालवायचे की बस त्यांना ओलांडून जायची. पण कामाला बसले की माणूस वेगळा. पत्र्याच्या एका तुकड्यातून जास्तीत जास्त भाग कसे कापायचे हे ठरवणारा प्रोग्रॅम त्यांनी लिहिला होता आणि वर्कशॉपची माणसं रोज काही ना काही बदल मागायला यायची. मोघे ते उभ्या उभ्या करून द्यायचे. माऊसला हात लावायचे नाहीत. म्हणायचे, "बाईसाहेब, दर वेळी माऊसकडे हात नेणं म्हणजे पोळ्या लाटताना मिठासाठी उठणं. मीठ हाताशी नको का?" आम्ही ज्या एडिटरात प्रोग्रॅम लिहायचो त्याची सगळी शॉर्टकट त्यांच्या बोटांत होती. ओळ उचल, ओळ पुसून टाक, अमक्या ओळीवर जा, शंभर ठिकाणचं नाव एका झटक्यात बदल. त्या कामावर त्या माणसाचा जीव होता, दुसरं सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतंच.

एकदा मोघे कँटीनला गेले असताना वर्कशॉपमधून घाईचं काम आलं. म्हटलं, आपणच करून टाकू. त्यांच्या मशिनवर बसले, दोन ओळी बदलल्या आणि जतन करायला कंट्रोल-एस दाबलं. काही नाही. कंट्रोल-एफ दाबलं, काही नाही. कंट्रोल-झेड दाबलं तरी मशीन आपलं ढिम्म. तेवढ्यात मोघे आले.

मी उसळलेच. "अहो मोघे, हा काय चावटपणा? कंट्रोलचं बटण मेलंय की काय?"

"बटण ठीक आहे," ते म्हणाले. दार लोटून घेतलं आणि उजवा हात माझ्यासमोर टेबलावर ठेवला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं होतं. "ही सरळ होत नाहीत आता. तिसरंही वळायला लागलंय. दोन बटणं एकदम दाबणं मला जमत नाही."

डॉक्टरांनी सांगितलं होतं की नसा वाळत चालल्या आहेत, उजव्या हातापासून सुरुवात आहे, थांबेल कुठे ते सांगता येत नाही. हे वर्षभरापूर्वीचं. घरी वसुधाताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, तेवढं माहीत होतं. कचेरीत कुणालाच नाही. आणि वर्षभर हा माणूस माझ्यापासून चार हातांवर बसून काम करत होता!

मग त्यांनी दाखवलं. एडिटरात एक फाइल असते, कुठलं बटण दाबलं की काय व्हावं ते तीत आपल्याला लिहिता येतं. आम्ही कुणी ती कधी उघडली नव्हती. मोघ्यांनी ती अथपासून इतिपर्यंत नव्याने लिहिली होती. टॅबच्या वर, डाव्या कोपऱ्यात एक बटण असतं, त्याला आपण जन्मात हात लावत नाही. दाबलं तर एक तिरकी बारीक रेघ उमटते, बस. ते त्यांनी पुढारी केलं होतं. आधी ते दाबायचं, सोडायचं, मग एक अक्षर. एस म्हणजे जतन कर, डी म्हणजे ओळ पुसून टाक, जी म्हणजे अमक्या ओळीवर जा. दोन बटणं एकत्र कधीच नाहीत, एकामागून एक. बहुतेक सगळी डाव्या हाताखालची. दोन अक्षरं लिहून पुढारी दाबला की दहा ओळींचा साचा आपोआप उमटायचा. बोट जसजसं जाईल तसतशी फाइल बदलायची. मी मोजल्या, चाळीस ओळी होत्या.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "सांगायचं नाही का हो?"

"सांगून काय होणार? नोकरी जाणार नाही, तसा कायदा आहे. पगारही मिळेल. पण इथून उचलून रेकॉर्ड रूममध्ये बसवतील. तिथे फाइली मोजत बसायचं. मग मी करू काय बाईसाहेब? हात आहेत तोवर मला हेच करायचंय."

कुणाला सांगणार नाही अशी मी शपथ घेतली आणि पाळलीही. दीड वर्ष कुणाला कळलं नाही.

कळलं ते सहीमुळे. हजेरीच्या रजिस्टरवरची त्यांची सही इतकी बदलली की प्रशासनाने विचारणा केली, मग तपासणी झाली, मग समिती बसली. समितीचं म्हणणं तसं वाईट नव्हतं. मोघ्यांनी समितीसमोर अर्ध्या तासात प्रोग्रॅममधली एक चूक दुरुस्त करून दाखवावी. जमलं तर आहेत तिथेच राहतील, नाहीतर रेकॉर्ड रूम. अट एवढीच की स्वतःच्या मशिनवर नाही, ट्रेनिंगच्या खोलीतल्या मशिनवर, म्हणजे कुणाला शंका नको.

ट्रेनिंगच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असायची.

चार दिवस आधी मोघ्यांनी मला पेन ड्राइव्ह दिला. "त्या मशिनवर तेवढी फाइल टाकून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे. बाकी मी बघतो." हसत होते. कितीतरी महिन्यांनी त्यांना हसताना पाहिलं. अर्धा तास कशाला, दहा मिनिटांत करतो, म्हणाले. खरंच केलं असतं.

आता माझं ऐका. ट्रेनिंगच्या मशिनवर लेखी परवानगीशिवाय काहीही टाकायचं नाही असा नियम होता. दोन वर्षांपूर्वी कुण्या शिकाऊ पोराने तिथे व्हायरस आणला तेव्हा मेमो मला मिळाला होता. माझे वडील उज्जैनला हेडमास्तर. पेन्सिल घ्यायची तरी विचारून घे, हे बाळकडू. शिवाय मनात आलं, उद्या कुणी म्हणायला नको की मोघ्यांनी मशिनमध्ये काहीतरी करून ठेवलं. रीतसर परवानगी असली की त्यांच्याच अंगाला काही लागणार नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ती मी.

मी टिपणी लिहिली. आमच्याकडे सगळं हिंदीत चालायचं, आणि मराठी बाई असून टिपणीलेखनात हिंदी पखवाड्याचं पहिलं बक्षीस मी तीनदा घेतलेलं. तेव्हा काय विचारता! झोकात लिहिलं: "श्री मोघे हाथ की दुर्बलता के कारण प्रचलित कुंजीपटल पर कार्य करने में असमर्थ हैं। अतः उनकी निजी फाइल स्थापित करने की अनुमति प्रदान की जाए।" कुंजीपटल म्हणजे आपला कीबोर्ड. खाली सही केली, डायरीत नंबर चढवला आणि कागद सक्सेना साहेबांकडे, म्हणजे आमच्या प्रमुखांकडे, पाठवला. परवानगी मिळेल याबद्दल मला तीळभर शंका नव्हती. मोघ्यांना यातलं काही बोलले नाही. त्यांनी विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, "होतंय."

सक्सेना साहेबांनी कागदावर "समिति के अवलोकनार्थ" असं लिहिलं आणि पुढे सरकवला.

चाचणीच्या दिवशी सकाळी दहाला समितीचे तिघेजण येऊन बसले. मोघे इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, गुंड्या वसुधाताईंनी लावलेल्या. मशिनसमोर बसले, एडिटर उघडला, कोपऱ्यातलं बटण दाबलं, मग जी. पडद्यावर एक तिरकी रेघ उमटली आणि तिच्यापुढे जी. त्यांनी मान वळवून दाराकडे पाहिलं. दारात मी होते. माझ्या मुठीत त्यांचा पेन ड्राइव्ह होता.

मी पुढे झाले. "सर, बस दो मिनट। इनकी फाइल डालनी है।"

अध्यक्षांनी समोरची फाइल उघडली. माझाच कागद सगळ्यात वर. "अनुमोदन आया?"

"नहीं सर, अभी..."

"तो फिर?" ते काही रागावले नव्हते. "और मैडम, लिखा तो आप ही ने है। असमर्थ हैं।"

मोघे मशिनकडे वळले. त्यांनी सुरुवात केली. माऊस डाव्या हातात घेतला, उजव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांनी एकेक अक्षर लिहायला लागले. तसंही थोडंफार जमलं असतं. पण दोन-अडीच वर्षांची सवय, हात ऐकेनात. दर ओळीला बोट आपोआप कोपऱ्यात जाई आणि पडद्यावर रेघ उमटे. ती खोडायची, की पुन्हा दुसरी. दहा मिनिटांनी तो प्रोग्रॅम म्हणजे नुसत्या तिरक्या रेघा आणि सुटी अक्षरं झाला. शर्ट पाठीला चिकटला होता. समितीतला एक जण खिडकीबाहेर बघायला लागला, त्यालाही ते बघवेना. आणि मी? मी दारात उभी होते. कागदाला हो नव्हता, म्हणून उभी होते. त्या मशिनची पेन ड्राइव्ह लावायची खाच माझ्यापासून सहा पावलांवर होती. देवाशपथ सांगते, कुणी मला अडवून धरलं नव्हतं.

अर्धा तास भरायच्या आधीच मोघे उठले. "बस्स झालं," म्हणाले, मराठीत.

संध्याकाळी ते टेबल आवरत होते तेव्हा मी जवळ गेले. त्यांनीच सुरुवात केली. "हिंदी छान आहे हो तुमचं."

"मोघे, मला वाटलं..."

"तुम्हाला काय वाटलं ते कळलं मला. तुम्ही वाईट बाई नाही." मग अगदी हळू, "अहो, पण विचारलंत कशाला?"

मी डोळे पुसत राहिले.

रेकॉर्ड रूममध्ये त्यांना टेबल मिळालं, खुर्ची मिळाली, पंखा मिळाला. कॉम्प्युटर मिळाला नाही. त्यांनी अर्ज केला की जुनं का होईना, एक मशीन द्या, रिकाम्या वेळात वर्कशॉपचं काम करीन. अर्ज नामंजूर होऊन परत आला, मागे माझ्या टिपणीची प्रत जोडलेली. सहा महिन्यांनी दुसरा अर्ज, पुन्हा तेच, पुन्हा तीच प्रत. इकडे त्यांच्या प्रोग्रॅमला हात लावायला कुणी धजेना, मीही नाही, आणि वर्कशॉपवाले पत्रा पुन्हा खडूने आखायला लागले. तेव्हा तरी कुणाला शहाणपण सुचावं? नाही.

तिसऱ्या अर्जाच्या वेळी डावा हातही गेला होता. आजारपणाची रजा घेऊन ते क्वार्टरमध्ये पडून होते. मला बोलावून म्हणाले, "लिहा तुम्ही. घरी मशीन द्या म्हणावं. एक बोट हलतंय अजून. एका बोटाची फाइल करता येते, डोक्यात तयार आहे." मी लिहिलं. जीव ओतून लिहिलं, की हे गृहस्थ या कामाला सर्वथा समर्थ आहेत, मी सव्वीस वर्षं पाहिलंय.

प्रशासनातला शंकर, बिचारा भला माणूस, त्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "मैडम, ये भी आपकी लिखी, वो भी आपकी लिखी। साहब पूछेंगे, किसे मानें?"

साहेबांनी जुना मानला. त्याच्यावर नंबर होता. पंधरा दिवसांत नकाराचा कागद माझ्या हातात पडला.

तो मी मोघ्यांना दाखवला नाही. माझ्या कपाटात साड्यांखाली ठेवला. त्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, "आलं का उत्तर?" मी म्हटलं, "नाही अजून." दर संध्याकाळी ते विचारत आणि मी तेच सांगत असे. निवृत्त झाले, क्वार्टर सोडून नेहरू नगरला भाड्याने गेले, तिथेही मी दोन बस बदलून जायची. बोलणं जड झालं तेव्हा नुसत्या भुवया उडवायचे. चौदा महिने मी "नाही अजून" म्हणत राहिले. ते बोट केव्हाच थांबलं होतं.

तेराव्याला मी निघाले तेव्हा वसुधाताई मला सोडायला फाटकापर्यंत आल्या. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता.

"ताई," त्या म्हणाल्या, "ते उत्तर आलं ना, तर आता घरी आणू नका. मला ते वाचवणार नाही."

मी "बरं" म्हटलं.