कार्पवाला मानसिंग

दुपारी अडीचनंतर मानसिंगला शोधायला कुणी शेताकडं जात नाही. तो घराच्या स्लॅबवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, लाल टोपी घालून मोबाइलसमोर बसलेला असतो. जपानात तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले असतात आणि हिरोशिमाच्या कार्प संघाची बेसबॉलची मॅच सुरू झालेली असते. कार्पची बॅटिंग आली की मानसिंग उभा राहतो, खाली बसतो, पुन्हा उभा राहतो. तिकडच्या स्टेडियममधली ही रीतच आहे. अर्धे प्रेक्षक उभे राहतात तेव्हा अर्धे बसतात, मग अदलाबदल, आणि ओरडा सगळ्यांचा एका तालात. तीसेक हजार माणसं हे करतात तेव्हा बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. कोरेगावजवळच्या एका स्लॅबवर एकटाच गडी ते करायला लागला, की शेजारचा विश्वजित खालून विचारतो, "काय रं गड्या, कुठल्या मास्तरनं उठाबशा काढायला लावल्यात?"

मानसिंग शिरवळच्या एका कारखान्यात मशिनवर होता. नवीन मशिन शिकून यायला कंपनीनं त्याला हिरोशिमाला धाडलं. तिथला फोरमन मोरिवाकी पहिल्याच रविवारी त्याला मॅचला घेऊन गेला आणि स्वतःची लाल टोपी त्याच्या डोक्यावर घातली. कार्प म्हणजे मासा. टीमला माशाचं नाव, याचं मानसिंगला हसू आलं होतं. मग मोरिवाकीनं सांगितलं, की बॉम्ब पडून शहराची राख झाली त्याला पुरती पाच वर्षंही झाली नव्हती, तेव्हा लोकांनी ही टीम उभी केली. बाकीच्या टीमांच्या पाठीशी बड्या कंपन्या, हिच्या पाठीशी कुणी नाही. टीम बंद पडायची वेळ आली तेव्हा मैदानाच्या दारात लाकडी पिंपं ठेवली आणि ज्यांच्या घरावर धड छप्पर नव्हतं त्यांनी त्यात खिशातली चिल्लर टाकली. मानसिंगला हे चटकन पटलं. त्याच्या आजोबांच्या पिढीनं शेअर गोळा करून साखर कारखाना असाच उभा केला होता.

टीम तगली, पण लीग जिंकायला तिनं पंचवीस वर्षं घेतली. पुढं चांगले दिवस आले आणि गेलेही. जपानचं मोठं अजिंक्यपद चौऱ्याऐंशी सालानंतर अजून हाती लागलेलं नाही. तयार झालेला खेळाडू श्रीमंत टीम उचलून नेते, लोक चार शिव्या हासडतात आणि पुढच्या मॅचला पुन्हा लाल कपडे घालून हजर. एक बॉलर मात्र अमेरिकेतल्या गलेलठ्ठ पगारावर पाणी सोडून हिरोशिमाला परत आला. त्याची गोष्ट मोरिवाकी दर मॅचला नव्यानं सांगायचा. दोन हजार सोळा साली पुन्हा पंचवीस वर्षांनी लीग जिंकली, त्या रात्री रस्त्यात अनोळखी माणसांनी मानसिंगला मिठ्या मारल्या. हा अमक्याचा मुलगा, तमक्याचा भाऊ, हे तिथं कुणाला ठाऊक नव्हतं. इतका मोकळा तो त्यानंतर कधीच झाला नाही.

पुढं वडील, हंबीरराव, अर्धांगानं आडवे झाले. जीभ शाबूत राहिली, उजवी बाजू गेली. थोरला भाऊ फौजेत. मानसिंग महिन्याची रजा काढून आला. "तूही परत येणाऱ्यातलाच," मोरिवाकी त्याला सोडायला आला तेव्हा म्हणाला होता.

परत जाण्याआधी लग्न ठरलं. मुलगी तासगावची, क्रांती. आपल्याकडं बैठकीत नवऱ्यामुलानं बोलायचं नसतं, मुलीनं तर नाहीच. तिच्या काकांनी विचारलं, "पोरगं परत जपानला जाणार न्हाई नव्हं?"

"जातंय कुठं?" हंबीरराव खाटेवरून म्हणाले. "आता हितंच."

मानसिंग तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. सुपारी फुटली आणि त्याच्या पायात खोडा पडला. शिरवळची नोकरी सुटली, ऊस आला, मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली. टोपी तेवढी राहिली.

यंदा मोरिवाकीचा फोन आला. तिथल्या कारखान्यात माणसं मिळेनात, मालकानं मानसिंगचं नाव काढलंय. बायको-मुलीला घेऊन ये, पण शुक्रवारपर्यंत सांग. मानसिंगनं ही गोष्ट चार दिवस मनातच ठेवली. जेवण गोड लागेना, आणि कुणाला सांगवेना.

शुक्रवारी क्रांती चहा घेऊन स्लॅबवर आली तेव्हा मॅच रंगात होती. समालोचक जपानीत भराभरा बोलत होता. कप ठेवता ठेवता ती मोबाइलकडं बघत म्हणाली, "पयलीच मॅच हाय व्हय ह्या पोराची? आई बघायला आलीय म्हणत्यात."

मानसिंग तिच्याकडं वळला. "तुला कसं कळलं?"

ती टाकीला टेकून बसली. लग्नाआधी सांगलीत नर्सिंग करताना ती वर्षभर जपानीच्या क्लासला गेली होती. तिकडं म्हाताऱ्या माणसांच्या सेवेला मुली लागतात, म्हणून.

"तुमचं स्थळ आलं तवा मी फोटोबी बघितला न्हाई," ती म्हणाली. "जपानचं पोरगं म्हणल्यावर लगेच व्हय म्हणलं. काकांस्नी विचारायचं हुतं, पोरीला कवा न्हेणार म्हणून. पर पोरीकडच्यांनी तसं कसं विचारायचं? म्हणून उलटं विचारलं. वाटलं, तुमच्याकडनं कुणीतरी म्हणंल, जाणार हाय."

"आणि इतकी वर्षं बोलली न्हाईस?"

"तुमच्या आईस्नी मी सांगितलेलं, पयल्याच वर्षी. माझा हात धरून रडल्या. म्हणल्या, त्याला कळू दिऊ नगंस, कळलं तर ऱ्हायचा न्हाई."

रागवायचं तरी कुणावर? आईवर, आडव्या पडलेल्या बापावर, की त्या दिवशी गप्प बसलेल्या स्वतःवर? त्यानं घाईघाईनं फोनचं सगळं सांगून टाकलं. कुटुंबासकट बोलावलंय, आजचा शेवटचा दिवस आहे.

"क्रांती, कळवू का, येतो म्हणून?"

तिचा चेहरा क्षणभर उजळला. मग ती त्याच्याकडं बघत राहिली.

"फोन कवा आला?"

"सोमवारी."

"मंजी चार दिस झालं." तिचा आवाज चढला नाही. "जायचं असतं तर सोमवारीच पळत आला असता माझ्याकडं. न जायचं तुमी ठरवलंय कवाच. आनि ह्या वक्तालाबी मला कुणी विचारलं न्हाई."

मानसिंगला खोटं बोलता आलं असतं, पण त्यानं नुसती मॅच बंद केली. खालून हंबीररावांनी हाक मारली, त्यांना कूस बदलायची होती. दोघंही उठले. ते काम एकट्याच्यानं होत नव्हतं.