एक्क्याण्णव एक आणि एक खिडकी

मूळपुरुषाचं खरं नाव गल्लीत कुणाला आठवत नाही, आणि आठवून उपयोगही नाही. मालधक्क्यावरच्या वजनकाट्यापाशी जन्म काढलेला हा माणूस निवृत्त झाला आणि डोक्यात मूळ संख्येचं खूळ घेऊन घरी बसला. एक आणि ती स्वतः सोडून कशानेही भाग जात नाही, अशी अगडबंब संख्या म्हणे आपल्याला सापडलीय! कोणती? तर एकापुढे एक असे एक्क्याण्णव एक. बस्स. तेव्हापासून गल्ली त्याला मूळपुरुष म्हणते.

तपासून पाहिलं होतं का? हो तर! तीनने जात नाही, सातने जात नाही, अकराने जात नाही, असं करत स्वारी सत्तेचाळीसपर्यंत पोचली आणि हात भरून आला. "एवढ्यांनी गेला नाही, तो पुढच्यांनी काय जाणार?" म्हणत गडी उठला. पुढची मूळ संख्या त्रेपन्न. तिने भाग सुरळीत गेला असता. पण तेवढी कळ काढेल तर तो मूळपुरुष कसला!

बरं, खूळ डोक्यातच राहिलं असतं तर कुणाच्या बापाचं काय जात होतं? पण पठ्ठ्याने ती संख्या बायकोच्या शिवणाच्या खोलीत, जिथे खिडकी काढायचं ठरलं होतं त्याच भिंतीवर, काळ्या ऑइलपेंटने रंगवली. खोली इतकी अंधारी की बायकोला सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारावी लागे. भिंत अरुंद, म्हणून त्याने एकाखाली एक ओळी काढल्या. मग दोन पावलं मागे सरून म्हणाला, "बघ, कशी चपखल बसलीय! शेवटची ओळसुद्धा पुरी भरली. खिडकी-बिडकी विसर आता."

ती विसरली नाही. वर्षभर मनधरणी केली, आणि एका सकाळी सरळ गवंड्यालाच घेऊन आली. मूळपुरुष भिंतीला पाठ लावून, हात पसरून उभा राहिला. "छिन्नी लावाल तर खबरदार!"

"एवढं आहे काय त्यात?" गवंड्याने विचारलं आणि बिचारा फसला. मूळपुरुषाने बायकोच्या डब्यातली पंधरा बटणं टेबलावर तीन ओळींत मांडली.

"हे पंधरा एक समजा. पाच-पाचच्या सारख्या ओळी पडल्या ना? मग पंधरा एकांच्या संख्येला पाच एकांच्या संख्येने भाग जाणारच. सारख्या ओळी पडल्या की संख्या बाद! माझ्या एक्क्याण्णवाच्या पाडून दाखवा."

बायकोने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "अहो, मग त्या भिंतीवर काय पडल्यात?"

तो वळला. तेरा-तेराच्या सात ओळी, एकही एक कमी नाही की जास्त नाही. त्याने बोटाने मोजलं, पुन्हा मोजलं. "तेरा सत्ते..." एवढंच पुटपुटला. वर्षभर रोज चहाचा कप घेऊन याच भिंतीपुढे छाती फुगवून बसला होता हा शहाणा!

"करा सुरू," बायको गवंड्याला म्हणाली.

दुपारी उजेड थेट शिवणयंत्रावर आला. तिने पहिल्याच फटक्यात दोरा ओवला, आणि वाया गेलेल्या वर्षाच्या संतापाने तिचे डोळे भरून आले. मूळपुरुष धुळीत उभा राहून समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत होता.

"अगं, मी काय म्हणतो, सत्त्याण्णव घेतले तर? त्यांच्या ओळी पडत नाहीत."

तिने मान वर केली नाही.

"दादा, सामान आवरू नका. ती भिंतही फोडायचीय."