वेशीतला दगड

कोरलेला दगड दिसला की मला दम निघत नसे. भडगावच्या शाळेत आठवडाभर पोरांकडून पाढे घोकून घ्यायचे आणि सुटीच्या दिवशी कागद, शाई, कुंचा पिशवीत टाकून गिरणाकाठची गावं धुंडाळायची, हा माझा वर्षानुवर्षांचा क्रम. देवळाची पायरी असो की कुणाची समाधी, अक्षर दिसलं की मी तिथे फतकल मारलीच. बायको म्हणायची, दगडाशीच लग्न लावायचं होतंत. तिचं काही चुकत नव्हतं. या भागाचा इतिहास आपल्यावाचून अडून बसलाय अशी माझी पक्की समजूत होती, आणि त्या समजुतीपायी मी एका भल्या माणसाला भर गावात मान खाली घालायला लावली.

ते गाव नदीपलीकडचं. त्याचं नाव लिहीत नाही, माणसांचीही नाही. नाव वाचूनच तर सगळं बिघडलं.

तिथल्या एका शेतकऱ्याला सगळे आबा म्हणत. पोळ्याला गावचे बैल सजून वेशीबाहेर जमायचे आणि तोरणाखालून पहिला बैल आबांचा आत शिरायचा, मग बाकीचे. आबांच्या कुणा पूर्वजाने ती वेस बांधली, म्हणून हा मान, असं अख्खं गाव सांगे. वेशीच्या भिंतीत, छातीच्या उंचीवर एक कोरीव दगड होता. त्यावर त्या पूर्वजाचं नाव आहे अशा श्रद्धेने आबांच्या घरच्या सुना त्याला हळदकुंकू वाहत. वाचलेलं मात्र कुणीच नव्हतं. दगडाची वरची ओळ झिजलेली आणि खालचा भाग जाड चुन्याखाली गेलेला.

मी त्या गावात गेलो की जेवण आबांकडेच. कळण्याची भाकरी, भरीत, आणि आबांच्या बायकोचा, अक्कांचा, आग्रह असा की उठताना धोतर सैल करावं लागे. एकदा जेवता जेवता मीच म्हणालो, "आबा, तो दगड वाचून टाकू." आबांना एवढा आनंद झाला की त्यांनी चावडीपासून खालच्या आळीपर्यंत सांगावा धाडला. अक्षरं उठून दिसावीत म्हणून त्यांत पीठ भरायचं असतं. ते ज्वारीचं पीठ अक्कांनी स्वतः परातीत आणून दिलं. आबा डोक्याला नवा रुमाल बांधून आले होते.

"मास्तर, आते वाचा," ते जमलेल्या साऱ्या गावाकडे हात करून म्हणाले. "बठ्ठासले ऐकू येवाले जोयजे."

पीठ भरल्यावर वरची ओळ स्वच्छ दिसली. नाव होतं, बापाचं नाव होतं, आडनावही होतं. ते आबांचं नव्हतं. वरच्या आळीतल्या दुसऱ्या एका घराचं होतं.

इथे क्षणभर थांबता आलं असतं. खालचा चुना काढून पुढची ओळ बघतो, असं म्हणता आलं असतं. पण जुनं अक्षर लागलं की माझ्या अंगात काय संचारायचं देव जाणे. भोवती कोण उभं आहे, कशासाठी उभं आहे, याचं मला भान राहिलं नाही. वर्गात वाचतो तसं मी खणखणीत आवाजात वाचलं.

आबा एवढंच म्हणाले, "आखो एक डाव वाचा." मी पुन्हा वाचलं. याचीच मला सर्वांत लाज वाटते. दुसऱ्यांदा वाचताना मी बोट फिरवून एकेक अक्षर दाखवलं. अक्कांनी परात उचलली आणि त्या घरी गेल्या.

त्या वर्षीच्या पोळ्याला मला मानाने बोलावणं आलं, वरच्या आळीतून. नाही म्हणायला हवं होतं. गेलो. मारुतीच्या पारावर मला बसवलं. ढोल वाजायला लागले, आणि मान आता ज्या घराकडे गेला होता तिथला एक तरणा गडी आपला बैल पुढे घेऊन निघाला. आबांचा बैल मागे रांगेत होता, शिंगांना हिंगुळ, पाठीवर झूल. ढोल ऐकताच तो आपसूक पुढे निघाला. दरवर्षी तोच पहिला जायचा, त्याला कोण सांगणार? आबांनी कासरा दोन्ही हातांनी धरला, पाय रोवले, तरी तो त्यांना ओढत होता. पोरं हसली. आबा त्याच्या मानेला मिठी घालून उभे राहिले आणि सगळे बैल आत जाईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं, पण गळ्यात हार होता.

दुसऱ्या दिवशी कानकोंडा होऊन मी आबांकडे गेलो. त्यांनी घोंगडी अंथरली. म्हणाले, "तुमी खोटं कसाले वाचशात? दगडवर व्हतं ते वाचं." मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. अक्कांनी भाकरी वाढली, पण आग्रह केला नाही.

पुढे धुळ्याला इतिहासाची आवड असलेल्या मंडळींसमोर मी या दगडावर निबंध वाचला. टाळ्या पडल्या, खांद्यावर शाल पडली. ती शाल मी आजवर वापरलेली नाही, तरी त्या दिवशी ती मला उबदार वाटली होती, हेही खरं.

मग एका पावसाळ्यात वेशीची भिंत भिजून फुगली आणि चुन्याचे पोपडे निघाले. मी सहज तिकडून जात होतो. दगडाची खालची ओळ उघडी पडली होती. वाचायला पीठही लागलं नाही. वरचं नाव ज्याचं, त्याने वाटसरूंसाठी विहीर बांधली होती. विहीर! दगड कुठल्या तरी बुजलेल्या विहिरीचा. वेस बांधणाऱ्याने आयता मिळाला म्हणून भिंतीत बसवला. वेस कुणी बांधली याबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. त्या दिवशी चार घटका हातोडी चालवली असती तर हे तेव्हाच कळलं असतं.

धावतच आबांकडे गेलो. ते गोठ्यात होते. तो बैल आता म्हातारा झाला होता. सगळं सांगून म्हणालो, "आत्ताच चावडीवर येतो. सगळ्यांसमोर माझी चूक सांगतो. मान तुमचा तुम्हाला परत मिळेल."

आबा बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "नको. तीन साल व्हयनात, त्या पोऱ्याना बैल पुढे चालस. आते त्याले मांगे उभं कराणं का? मी उभा ऱ्हायनू, तेवढं बस शे."

मी पुष्कळ गयावया केली. ते ऐकेनात. सत्य सांगणं हे माझं काम आहे, असंही मी बोलून गेलो, आणि बोलताक्षणी जीभ चावली. शेवटी उठलो. दाराशी पोचलो तेव्हा त्यांनी हाक मारली. आवाजात राग अजिबात नव्हता. एखादी गोष्ट खरंच समजून घ्यायची असावी तसे विचारत होते.

"मास्तर, तवय तुमी 'वाचता येस नही' अशी सांगी देतात, ते चालतं नही का?"

तेव्हाच तसं सांगून दिलं असतं तर, हे घोकत मी नदी उतरलो. गवंड्याने पुढच्या आठवड्यात भिंतीला नवा चुना लावला आणि ती ओळ पुन्हा आत गेली. मी शाळेत परतलो. एक पोरगं धड्यावर अडलं आणि मान खाली घालून म्हणालं, वाचता येत नाही. त्या तीन शब्दांसाठी मी आयुष्यभर पोरांना छड्या मारत आलो होतो. त्या दिवशी छडी हातात घेतली आणि तशीच टेबलावर ठेवून दिली.