किती वाजता येशील?

"किती वाजता येतलंस?" शनिवारी सकाळी शेवंतीबाईंनी सुनेला विचारलं. मांडीवर चौदा महिन्यांची मीरा होती आणि भरवलेली नाचणीची पेज ती शांतपणे आजीच्या पदरावर परत करत होती.

"चार वाजता," श्रुतिका म्हणाली. म्हणताना ती बुटाची नाडी बांधत होती, म्हणजे वर बघावं लागलं नाही.

"आज माझी डबलबारी आसा. पाचाक सुरू."

"माहीत आहे हो आई. चार म्हणजे चार."

दोन भजनी मंडळं समोरासमोर बसून एकमेकांना गाण्यातून आव्हान देतात, ती डबलबारी. चारकोपच्या महिला मंडळात शेवंतीबाई झांज वाजवायच्या. यंदा पहिल्यांदाच त्यांची गाठ बोरिवलीच्या नावाजलेल्या बायकांशी होती. महिनाभर घरात भाजी चिरतानाही त्यांच्या बोटांचा ताल चालू होता.

चार ही वेळ श्रुतिकाने हवेतून काढली होती. टेनिसमध्ये फक्त दिवसाच्या पहिल्या सामन्याला वेळ असते. बाकीच्यांच्या नावापुढे लिहिलेलं असतं, 'त्यानंतर'. आधीचा सामना तासात उरकेल किंवा तीन तास लांबेल. तुमचा स्वतःचा किती चालेल ते तर देवालाही सांगता यायचं नाही. लग्न नवं होतं तेव्हा श्रुतिका खरंच सांगायची, "सांगता येत नाही." त्यावर शेवंतीबाईंचा चेहरा असा व्हायचा की जणू सून कुठे जाते तेच लपवतेय. नवरा नितेश मात्र औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून "उशीर होईल" एवढाच फोन करायचा आणि त्याचं ताट झाकून ठेवलं जायचं. मग श्रुतिकाही वेळ सांगायला लागली. खोटी, पण ठाम. ठाम वेळेवर कुणी पुढे प्रश्न विचारत नाही.

तिचे वडील सहदेव गिरणी बंद पडल्यावर कांदिवलीच्या एका क्लबात कोर्टावर रोलर फिरवायला लागले. क्लबाच्या मागच्या भिंतीवर चेंडू मारत मारत पोरगी राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या पन्नासात गेली. मग लग्न, मग मीरा. क्रमवारीतले गुण वर्षभरात विरून जातात. ते कुणी बाळंतीण आहे का, हे विचारत नाहीत. आता सकाळी ती सोसायट्यांमधल्या मुलांना शिकवायची, आणि स्पर्धेत पात्रता फेरीपासून, शाळकरी मुलींच्या रांगेत उभी राहायची. "एवढा सीझन बघ, मग पुरे," नितेश म्हणाला होता. प्रेमानेच म्हणाला होता, म्हणून तिला भांडताही आलं नव्हतं. सीझनमध्ये दोनच स्पर्धा उरल्या होत्या. आजचा सामना जिंकला की मुख्य फेरी.

अंधेरीच्या क्लबात तिसऱ्या कोर्टावर तिच्या आधी दोन अशा मुली खेळत होत्या ज्यांना जिंकायचं नव्हतं, फक्त हरायचं नव्हतं. चेंडू जाळीवरून जायचा, यायचा, जायचा. श्रुतिका एकदा वॉर्मअप करून थंड झाली, मग पुन्हा केलं. एकावर एक घातलेल्या दोन स्पोर्ट्स ब्रांच्या आत दूध भरून आलं होतं आणि छाती ठणकत होती.

प्रतिस्पर्धी गंधाली सोळा वर्षांची. तिच्याबरोबर आई होती. बर्फाचा डबा, सोललेली केळी, तीन टॉवेल.

"तुमचं बाळ कोणाकडे?" त्या आईने चौकशी केली.

"सासूबाईंकडे."

"लकी आहात. मी तर हिच्यासाठी नोकरी सोडली."

श्रुतिकाने वाकून बुटाची नाडी पुन्हा आवळली.

अखेर तीन वाजता नाव पुकारलं. तिने घाईने घरी फोन लावला. "आई, आता उतरतेय कोर्टवर. सव्वाचार होतील फार तर."

"बरा," शेवंतीबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्या 'बरा'चा अर्थ लावत श्रुतिकाने फोन बंद करून बॅगेत टाकला. कोर्टवर फोन चालत नाही.

पहिला सेट तिने सहा-तीन घेतला. हात जुन्या वाटेने चालत होते. पोरीला कोपऱ्यातून कोपऱ्यात पळवायचं, थांबायचं, ती चुकेपर्यंत वाट बघायची. दुसऱ्या सेटमध्ये तीन-तीन झाले आणि बाजू बदलताना तिची नजर क्लबाच्या घड्याळावर गेली. चार वाजून गेले होते. घरी हिरवी साडी नेसून, झांज पिशवीत घालून, काखेत पोर घेऊन दाराकडे बघत उभी असलेली सासू तिला स्पष्ट दिसली. मंडळ थांबलंय, बोरिवलीच्या बायका हसतायत, आणि नंतर वर्षानुवर्षं प्रत्येक सणाला निघणारा विषय.

त्यानंतर वाट बघणं तिला जमलंच नाही. चेंडू न आपटता ती सर्व्हिस करायला लागली. तिसऱ्याच फटक्याला जाळीकडे धावायला लागली. दोनदा चेंडू रेषेबाहेर पडला, एकदा वीतभर, एकदा हातभर. गंधाली नुसती परतवत राहिली. सेट गेला. तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक होता, तोही सात-दहा असा गेला.

"छान खेळलात, ताई," गंधालीने हात मिळवला.

श्रुतिकाने बॅग उघडून आधी फोन चालू केला. घरी कुणी उचलत नव्हतं. तिने रिक्षा केली, आणि लिंक रोडच्या प्रत्येक सिग्नलला पुन्हा लावला.

घराला कुलूप होतं. ती तशीच, मातीने भरलेल्या बुटांनी, मंडळाच्या हॉलकडे धावली.

डबलबारी रंगात आली होती. शेवंतीबाई पहिल्या रांगेत बसून मान डोलावत झांज वाजवत होत्या. मागे सतरंजीवर शेजारची नमिता बसली होती आणि तिच्या मांडीवर, एवढ्या गदारोळात, मीरा गाढ झोपली होती. शेजारी भरलेली पिशवी होती. दूध, लंगोट, खेळण्यातली बदकं.

"कधी आणलं हिला?" श्रुतिकाने विचारलं.

"मला काकूंनी कालच सांगून ठेवलेलं," नमिता म्हणाली. "बोलल्या, श्रुतिका सहाशिवाय येत नाय, तू येऊन बस माझ्याबरोबर."

मध्यंतरात शेवंतीबाई घाम पुसत आल्या. "काय झाला?"

"हरले." श्रुतिकाचा आवाज चढला. "आई, तुम्हाला माहीत होतं मी चारला येणार नाही?"

"तू चार सांगलंस की मी सहा धरतंय. पयल्यापासून तसाच धरतंय."

"मग मला सांगायचं ना. मी तिकडे जीव टाकून..."

"काय सांगू? सून खोटा बोलता म्हणान?"

जिंकत आलेला सामना श्रुतिकाने अशा घड्याळामागे धावून घालवला होता, जे घरात कुणी पाळतच नव्हतं. तिने मीराला उचलून छातीशी धरलं. मीराने झोपेतच मान फिरवली. तिला भूक नव्हती.

"सोमवारी चेंबूराक शेवटची ना?" शेवंतीबाई झांजेची दोरी आवळत म्हणाल्या. "किती वाजता येतलंस?"

'तीन' श्रुतिकाच्या जिभेवर तयार होतं. तिने ते गिळलं.

"माहीत नाही, आई. खरंच माहीत नाही."

शेवंतीबाईंनी हात थांबवला आणि सुनेकडे नीट पाहिलं.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "मी किती धरू?"